भाच्याची लाडकी इव्हँगेलियन मला भिडली नाही. आता त्याला काय सांगू?

रात्रपाळी

स्पॉइलर आहेत, अगदी शेवटासकट. ज्यांना मालिका बघायची आहे त्यांनी इथूनच मागे फिरा.

माझा भाचा एकोणीस वर्षांचा आहे. दोन वर्षं माझ्या मागे लागला होता, 'मामा, निऑन जेनेसिस इव्हँगेलियन बघ. बाकी काही नको बघूस, पण ही बघच.' मी टाळत होतो, कारण ॲनिमे, म्हणजे जपानी ॲनिमेशन, म्हटलं की माझ्या डोक्यात मोठे डोळे आणि आरडाओरडा एवढंच यायचं. शेवटी गेल्या महिन्यात सुरू केली. सव्वीस भागांना एकोणीस दिवस लागले. मी वीज उपकेंद्रात ऑपरेटर आहे. रात्रपाळी करून आलं की अंग दमलेलं असतं पण डोळा लागत नाही, त्या वेळात एक किंवा दोन भाग. भाग संपतो न संपतो तोच भाच्याचा मेसेज: 'कितवा?'

मी नुसता आकडा पाठवायचा. मग तिकडून 'अजून थांब', 'आता बघ', 'सोळावा झाला? काही बोलू नकोस, फक्त बघत जा'. माझ्या उत्तराची एवढी वाट कुणी पाहिल्याचं मला तरी आठवत नाही.

आणि मला ती आवडली नाही. खरं सांगायचं तर अर्धी मनापासून आवडली, पण जी अर्धी आवडली तिच्याबद्दल कुणी बोलतच नाही. मी आधी जे काही वाचलं होतं त्यात एकटेपणा होता, नैराश्य होतं, वडील-मुलगा होते, क्रूस होते, कबाला ही ज्यूंची गूढविद्या होती. ही मालिका विजेबद्दल आहे हे मला एकानेही सांगितलं नव्हतं!

हसू नका. इव्हा म्हणजे ती अवाढव्य आकृती, यंत्र म्हणा की प्राणी म्हणा, विजेवर चालते. शिंजी, रेई, आसुका ही चौदा वर्षांची पोरं अशा इव्हांत बसून एंजल नावाच्या शत्रूंशी लढतात. पाठीत जाडजूड केबल खोचलेली. केबल तुटली की आतल्या बॅटरीवर पाच मिनिटं. पडद्यावर आकडे उलटे पळायला लागतात. पहिल्यांदा ते बघितलं तेव्हा मी आडवा होतो तो उठून बसलो. जगाचा तारणहार आणि त्याच्या पाठीला एक्स्टेन्शन कॉर्ड! ज्याला हे सुचलं त्याचा प्लग आयुष्यात कधीतरी नको त्या वेळी निसटलेला असणार.

सहावा भाग तर मी लागोपाठ दोनदा पाहिला. एक निळा, आठ पैलूंचा एंजल शहरावर येऊन ठाकतो. टप्प्यात काहीही आलं की जाळून टाकतो. मग मोहिमा आखणारी मिसातो ठरवते की लांबून, डोंगरावरून गोळी घालायची, आणि त्या एका गोळीसाठी अख्ख्या जपानची वीज गोळा करायची. कमीत कमी १८ कोटी किलोवॅट. मोहिमेचं नाव याशिमा. रात्रीचे बारा. देशाचे एकेक भाग अंधारात जातात. ट्रकवर चढवलेले ट्रान्सफॉर्मर रांगेने उभे, डोंगरभर केबल पसरलेल्या, कंट्रोल रूममध्ये कुणी आकडे वाचतंय, कुणी कूलिंगकडे बघतंय. आणि बंदुकीत चक्क फ्यूज. एक गोळी झाडली की तो गेला. काढायचा, नवा घालायचा, पुन्हा चार्ज व्हायला वीस सेकंद. रेई समोर ढाल धरून उभी राहणार, ती ढाल टिकणार सतरा सेकंद. पहिली गोळी चुकते. शिंजी बोल्ट ओढतो आणि जळका फ्यूज बाहेर पडतो. मी रात्री दोन वाजता तोंडात टॉर्च धरून पॅनेलचे फ्यूज बदललेले आहेत, बाहेर पाऊस आणि फोन वाजत असताना. ते तीन सेकंद कमी पडणं काय असतं हे मला कुणी समजावून सांगायची गरज नाही.

एक खोड मी तिथेही काढली होती, फ्रीक्वेन्सीची, म्हणजे वीज सेकंदाला किती वेळा उलटसुलट होते त्याची. जपानच्या पूर्वेकडे ५० हर्ट्‌झ चालतं आणि पश्चिमेकडे ६०. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी तोक्योने जर्मन जनित्रं आणली, ओसाकाने अमेरिकन, ती भानगड आजतागायत मिटलेली नाही. सीमा साधारण फुजी नदीपाशी. मालिकेतलं तोक्यो-३ हे शहर हाकोनेला, म्हणजे ५०च्या बाजूला. मग पश्चिमेची वीज थेट कशी जोडणार? मधे फ्रीक्वेन्सी बदलणारी केंद्रं लागतात आणि त्यांतून जाऊन जाऊन किती जाणार? पण इतक्या प्रेमाने केलंय की मी कानाडोळा केला.

अकराव्या भागात इव्हा चालवणाऱ्या संस्थेच्या मुख्यालयाचीच वीज जाते. मुख्य पुरवठा, दुय्यम, राखीव, तिन्ही एकदम. तिथल्या वरिष्ठांना लगेच कळतं की हे मुद्दाम केलंय, कारण वीज परत कुठून कशी चढवत आणतात ते पाहिलं की आतल्या रचनेचा नकाशा बाहेरच्याला आपोआप मिळतो. हे वाक्य लिहिणारा माणूस आमच्या धंद्यातला नसेल तर त्याने आमच्यातल्या कुणाला तरी बसवून विचारलेलं आहे. बंद पडलेलं उपकेंद्र परत उठवताना आम्ही आधी काय घेतो, मग काय, सगळ्यात शेवटी कुणाला ठेवतो, हे बघणाऱ्याला आमचं सगळं कळतं. कोण महत्त्वाचा आणि कोण नाही, तेसुद्धा.

मला वाटलं, झालं, सापडली आपली मालिका.

मग एकोणिसावा भाग. याच्यावर लोक जीव टाकतात. बॅटरी शून्यावर येते, इव्हा थांबते, आणि मग आपली आपणच उठते, एंजलला फाडून खाते आणि त्याचं कधीही न संपणारं इंजिन आपल्या पोटात घेते. यापुढे तिला केबलची गरज नाही. भाच्याचा मेसेज आला, 'मामा!!!!' आणि मी त्या उद्गारचिन्हांकडे बघत बसलो. अठरा भाग ज्या नियमावर जीव मुठीत धरून बसलो होतो तो नियमच उचलून बाजूला ठेवला की.

तिथून पुढे तार तुटलीच. बाविसाव्यात रेई आणि आसुका लिफ्टमध्ये उभ्या राहतात. पन्नास सेकंदांहून जास्त. कुणी बोलत नाही, काही हलत नाही, मजले मागे पडल्याची टकटक तेवढी. मी टीव्ही अडकला समजून राउटर बघून आलो. चोविसाव्यात पुन्हा तेच: इव्हाच्या मुठीत एक मुलगा, बीथोवेनची नववी सिम्फनी आणि जवळजवळ मिनिटभर गोठलेलं चित्र. आणि शेवटचे दोन भाग! बाहेर जग बुडायला आलेलं, आणि आपण रिकाम्या रंगमंचावर खुर्चीत बसलेल्या माणसांच्या मनातले प्रश्न ऐकतोय. पेन्सिलीची कच्ची चित्रं, संहितेची पानं, काळ्यावर पांढरी अक्षरं. शेवटी सगळी मंडळी शिंजीभोवती उभी राहून टाळ्या वाजवतात, 'अभिनंदन', 'अभिनंदन'. पेंग्विनसुद्धा. कशाबद्दल अभिनंदन हे मला आजही सांगता येणार नाही.

आता खरी अडचण. भाच्याचं मधलं एक वर्ष फार वाईट गेलं. खोलीबाहेर यायचा नाही. ही मालिका त्याने त्या वर्षात पाहिली. सव्विसावा संपल्यावर त्याने मेसेज केला नाही, थेट फोन केला. मी म्हणालो, 'भारी.' पुढची चाळीस मिनिटं तो बोलत होता आणि मी हुंकार देत होतो. फोन ठेवल्यावर मला स्वतःचीच लाज वाटली.

पुढच्या आठवड्यात तो राहायला येतोय. १९९७ साली आलेला, मालिकेचा शेवट सांगणारा सिनेमा बरोबर बघायचाय म्हणतो. तर विचारायचं हे की, एक, माझ्याकडून काही बघायचं राहून गेलंय का? दोन, तो सिनेमा मला झेपेल का? आणि तीन, याला काय सांगू?

बिनबुडाचा लोटा

मामा, यंत्रं हे निमित्त आहे हो. केबलचं नाव बघितलंत का? अंबिलिकल केबल. नाळ! आईवाचून वाढलेला मुलगा आईच्याच पोटात बसून लढतोय, आणि तुम्ही तिथे फ्यूज मोजताय. चौदा वर्षांच्या पोराचा जीव कुठे घुसमटतोय ते बघायचं सोडून हर्ट्‌झ काय काढताय! डोक्यातला मीटर बंद करून परत एकदा बघा. उरलेल्या दोन प्रश्नांना मग उत्तर लागणार नाही.

रात्रपाळी

लोटेराव, नाळ आहे हे मलाही कळलं, नावातच लिहिलंय. पण नाळेतून जे येतं ते कुठून तरी येतं ना? ते कोण पाठवतं, कोणाच्या घरातला दिवा त्यासाठी विझतो, हे पहिले अकरा भाग विचारत होते. नंतर विचारायचं बंद केलं. माझी तक्रार तेवढीच आहे. शिंजीवर माझा राग नाही. तो पळून जातो तो चौथा भाग मला आवडला. नुसता आगगाडीतून आणि रानातून भटकत राहतो, कानात तेच गाणं.

कानामागून आलेली

इथे मनोगत उघड करणाऱ्यांच्या रांगेत माझाही नंबर लावा. माझं दुखणं वेगळं, हारुही सुझुमिया ही ॲनिमे मालिका. मला एकीने छातीठोकपणे सांगितलं होतं की अशी मजेदार मालिका नाही. पहिला सीझन मजेदारच आहे. मग २००९ मधला दुसरा लावला. उन्हाळ्याची सुट्टी, पोहायला जाणं, उत्सव, बेडकाच्या पोशाखातली नोकरी, आणि सुट्टी संपते तोच परत पहिल्यापासून. काळ अडकलाय. बरं. पुढचा भाग लावला, परत तीच सुट्टी. त्याच्या पुढचाही. सलग आठ भाग! प्रत्येक वेळी चित्रं नव्याने काढलेली, संवाद नव्याने म्हटलेले, कपडे वेगळे, आणि गोष्ट तीच. त्या पात्रांच्या हिशेबाने ती सुट्टी १५,५३२ वेळा झालेली असते. मूळ प्रक्षेपणात लोकांनी हे दर आठवड्याला एक असं दोन महिने सोसलं. मी तरी एका बैठकीत सोसलं. पाचव्या भागाला मी खरंच तारीख तपासली.

आजही कुणी त्याला धाडसी म्हणालं की मी मान डोलावते आणि विषय बदलते. तेव्हा तुम्ही एकटे नाही एवढंच.

रेघोट्या

मी ॲनिमेशनमध्ये इनबिटवीनचं काम करते. म्हणजे मोठे कलाकार महत्त्वाची चित्रं काढतात आणि त्यांच्या मधली आम्ही भरतो. हात वर आहे, हात खाली आहे, मधला प्रवास आमचा. त्यामुळे तुमच्या लिफ्टबद्दल बोलण्याचा मला थोडा हक्क आहे असं समजते.

सेकंदाला २४ फ्रेम असतात. टीव्हीवरच्या ॲनिमेत एक चित्र बहुतेक वेळा तीन फ्रेम टिकवतात, म्हणजे सेकंदाला आठ चित्रं. ही काटकसर जपानी टीव्हीवर पहिल्यापासून आहे. ओसामू तेझुकांनी १९६३ च्या जानेवारीत ॲस्ट्रो बॉय आणली, दर आठवड्याला अर्ध्या तासाचा कार्यक्रम. तेवढी चित्रं तेवढ्या वेळात काढणं माणसांच्या हाताबाहेरचं होतं. मग स्थिर चित्रावरून कॅमेरा सरकवायचा, बोलताना फक्त तोंड हलवायचं, एकदा काढलेलं धावणं जपून ठेवून पुन्हा वापरायचं. पुढे दिग्दर्शक ओसामू देझाकींनी तर या थांबण्याचाच दागिना केला. ऐन मारामारीत चित्र गोठवायचं आणि ते रंगवलेल्या भेटकार्डासारखं दाखवायचं. म्हणजे इव्हँगेलियनचे दिग्दर्शक आन्नो यांनी थांबणं शोधून काढलं नाही. त्यांनी ते इतकं लांबवलं की बघणाऱ्याला ते थांबणं आहे हे लपेना.

लिफ्ट मी घड्याळ लावून बघितली आहे. पहिली दहा सेकंद काही वाटत नाही. वीसच्या पुढे आपण चित्रात काही हलतंय का ते शोधायला लागतो. तिसाव्या सेकंदानंतर मला त्या दोघींची लाज वाटायला लागली, जसं खऱ्या लिफ्टमध्ये न बोलणाऱ्या माणसाबरोबर वाटतं. राउटर बघून आलात तिथे तुमचं तेच झालं, फक्त तुम्ही उठून गेलात. पैसे वाचले का? वाचले. वेळ वाचला का? तोही. दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या असू शकतात. आमच्या कामात तर त्या बहुतेकदा असतातच.

शेवटचे दोन भाग मात्र मला आजही अर्धकच्चे वाटतात, आणि हे म्हटल्यावर माझ्या दोन मैत्रिणी माझ्याशी आठवडाभर नीट बोलल्या नव्हत्या. आन्नो त्या आधीची चार वर्षं फार वाईट मनःस्थितीत होते, काहीही होत नव्हतं त्यांच्याकडून, हे त्यांनी स्वतः मालिकेच्या वेळी लिहिलं आहे. ऑक्टोबर १९९५ ते मार्च १९९६ दर आठवड्याला भाग जात होता आणि शेवटाकडे काम वेळेत उरकत नव्हतं. हे माहीत असलं की पेन्सिलीची चित्रं बघताना माझा तरी घसा दाटतो. पण कारण कळलं म्हणून गोष्ट पुरी होते का? नाही होत. एक सोडून. सव्विसाव्याच्या मधे अचानक वेगळंच जग लागतं, जिथे काहीच झालेलं नाही. आसुका शेजारची भांडकुदळ मुलगी आहे, रेई तोंडात टोस्ट धरून धावत येते आणि शिंजीवर आदळते. दोन-चार मिनिटांचं आहे. एवढंच परत बघा, बाकी सोडा.

आता तुमच्या सिनेमाचं. १९ जुलै १९९७ ला आला. तुम्ही जे 'बाहेर काय चाललंय' म्हणून विचारताय ते तिथे आहे. रक्त भरपूर आहे, सुरुवातीलाच एक प्रसंग फार ओंगळ आहे, भाच्याबरोबर बघताना अवघडाल. पण मामा, तुमच्यासाठी त्यात केबल परत येते. शिंजीच्या इव्हाला नसेल लागत, आसुकाच्या इव्हाला लागते. ती केबल तुटते, आणि समोर नऊ शत्रू, ज्यांना केबलची गरजच नाही. हातात साडेतीन मिनिटं. आसुका मनातल्या मनात भागाकार करते, एकेकाला वीस सेकंद. पुढचं सांगत नाही.

रात्रपाळी

रेघोट्याताई, 'एकेकाला वीस सेकंद' वाचून अंगावर काटा आला. सहाव्या भागात फ्यूज बदलून चार्ज व्हायलाही वीसच लागतात. हे मुद्दाम असेल की योगायोग, कोण जाणे. सिनेमा बघतो. तो ओंगळ प्रसंग आला की मी पाणी प्यायला उठेन.

चौथी सीट

तुमचा ५० आणि ६० चा मुद्दा वाचला आणि राहवलं नाही. तुम्ही ज्याच्याकडे कानाडोळा केलात ते जपानने मार्च २०११ मध्ये खरोखर भोगलं. ११ तारखेला भूकंप आणि सुनामी, पूर्वेकडची अणुवीज आणि औष्णिक केंद्रं बंद, तोक्योच्या बाजूला विजेचा खडखडाट. पश्चिमेला वीज होती. पण ती ६० हर्ट्‌झची! मधल्या केंद्रांतून त्या वेळी पलीकडे जाऊ शकत होती सुमारे १० लाख किलोवॅट. तुमचे ते १८ कोटी डोळ्यांसमोर आणा. १४ मार्चपासून तोक्योच्या परिसरात ठरवून वीज बंद ठेवायला सुरुवात झाली.

आणि आता ऐका. इंटरनेटवरच्या तरुण मंडळींनी एकमेकांना सांगायला सुरुवात केली की संध्याकाळच्या वेळेत दिवे घालवा, हीटर बंद करा, प्लग काढून ठेवा. या खटपटीला त्यांनी नाव दिलं, याशिमा मोहीम. सरळ सहाव्या भागातून उचललेलं. मूळ याशिमा ही ११८५ मधली लढाई, जिथे नासु नो योइची नावाच्या धनुर्धराने डोलणाऱ्या होडीवरचा पंखा एका बाणात पाडला म्हणतात. म्हणजे लांबून एकच नेम. मालिकेने नाव तिथून घेतलं आणि लोकांनी मालिकेतून.

तेव्हा वीज हा या मालिकेचा विषय आहे असं वाटणारे तुम्ही एकटे नाही. एका संकटात तिच्या बऱ्याच प्रेक्षकांना नेमका तोच भाग आठवला होता.

रात्रपाळी

हे मला माहीत नव्हतं.

मी कितीतरी वेळा लोड काढलाय. वरून फोन येतो, अमुक मेगावॅट कमी करा, आणि मी यादी बघून फीडर, म्हणजे एकेका भागाला जाणारी लाइन, बंद करतो. ब्रेकर उघडला की पॅनेलवरचा लाल दिवा जाऊन हिरवा लागतो, अँपिअरचा काटा शून्यावर येतो. तेवढंच दिसतं. पलीकडे किती घरं, कुणाकडे आजारी माणूस, कुणाची परीक्षा, ते काही दिसत नाही. मग फोन सुरू होतात आणि शिव्या ऐकायच्या. लोकांनी आपणहून दिवे घालवले आणि ऑपरेटरला कुणी शिव्या दिल्या नाहीत, असा दिवस माझ्या नोकरीत तरी आलेला नाही. चौथी सीट, तुमचा प्रतिसाद छापून कंट्रोल रूममध्ये लावू का? नाव काढून टाकतो.

झिलमिल

तिसऱ्या प्रश्नाबद्दल कुणी बोलतच नाहीये, म्हणून मी.

माझी एक मैत्रीण होती, म्हणजे अजून आहे. मी तिला माझी जीव की प्राण असलेली मालिका दाखवली. तिने तोंडभर कौतुक केलं. दोन वर्षं मी तिच्याशी त्यातल्या माणसांबद्दल बोलत राहिले, माझ्या घरातल्या गोष्टी त्यांच्या आडून सांगत राहिले. एक दिवस तिने मुख्य पात्राच्या भावाचं नाव विचारलं. तो भाऊ तिसऱ्या भागातच मरतो आणि पुढची सगळी गोष्ट त्याच्यामुळे घडते. तिने दोन भागांनंतर बघणं सोडलं होतं! मला तिने मालिका नाही पाहिली याचं काहीच वाटलं नाही. मी दोन वर्षं भिंतीशी काय काय बोलले ते आठवून कानशिलं तापली.

तुम्ही तर सव्वीसच्या सव्वीस पाहिलेत, एक भाग दोनदा. लिफ्टचे सेकंद तुमच्या लक्षात आहेत. तुम्ही फक्त 'भारी' हा शब्द मागे घ्या. आणि सिनेमा लावायच्या आधी सांगा, नंतर नको. नंतर सांगितलंत तर सिनेमाभर तो तुमच्या चेहऱ्याकडे बघून काय समजला असेल त्याचाही हिशेब द्यावा लागेल.

बिनबुडाचा लोटा

झिलमिल, बरोबर. मामा, माझा पहिला प्रतिसाद जरा आगाऊ होता. अकरावा परत पाहिला. ते वीज चढवण्याचं वाक्य माझ्या कधी कानावरच पडलं नव्हतं. मी तो भाग विनोदी म्हणून पुढे ढकलायचो.

रात्रपाळी

सगळ्यांना कळवायचं राहिलं होतं. भाचा येऊन चार दिवस राहून आज सकाळी गेला.

पहिल्याच रात्री सांगून टाकलं. म्हणालो, बाबा रे, फोनवर मी भारी म्हणालो ते खोटं होतं, मला शेवट आवडला नाही, आणि एकोणिसाव्यात केबल गेली तिथेच माझं मन उडालं. तो गप्प. मला वाटलं, संपलं. मग म्हणाला, 'केबल?' मी सहाव्यापासून सुरू केलं. फ्यूज, वीस सेकंद, सतरा सेकंद, हर्ट्‌झ, २०११. अकराव्याचं सांगितलं तेव्हा म्हणाला, 'असं आहे त्यात?' त्याने मालिका चार वेळा पाहिली आहे आणि चारही वेळा लोटेरावांसारखाच तो भाग अंगाबाहेर टाकला होता. रात्री साडेअकराला आम्ही अकरावा लावला. मी दर दोन मिनिटांनी थांबवत होतो. शेवटी वैतागून त्याने रिमोट काढून घेतला.

मग त्याने मला सव्विसावा दाखवला. टाळ्यांचं काय ते त्याने सांगितलं. ते त्याचं आहे, इथे लिहीत नाही. मला तो भाग अजूनही आवडत नाही, पण आता तो लागला तर मी खोलीतून उठून जाणार नाही.

सिनेमा दुसऱ्या दिवशी. सुरुवातीला ठरल्याप्रमाणे पाण्याला उठलो, परत आलो तर तोही आपल्या फोनमध्ये डोकं घालून बसलेला. आसुकाची साडेतीन मिनिटं लागली तेव्हा मी नकळत मोठ्याने मोजायला लागलो होतो. भाचा पडद्याकडे बघतच नव्हता, माझ्याकडे बघून हसत होता. आकडे संपले तेव्हा मात्र दोघेही गप्प झालो. मूर्ख पोरगी, बॅटरीवर नऊ जणांना भिडली. त्यानंतरचं, तो लाल समुद्र, तो किनारा, ते मला कळलं नाही. त्याला विचारलं तर म्हणतो, त्यालाही नक्की कळलेलं नाही, तो दर वेळी वेगळं समजतो.

आता त्याला उपकेंद्र बघायचंय. परवानगीचा अर्ज टाकलाय. हेल्मेट आणि बूट असल्याशिवाय यार्डात पाऊल टाकू देणार नाहीत हे बजावून ठेवलंय. आज निघताना दारात बूट घालता घालता विचारत होता, इव्हाच्या केबलमधून एसी जातं की डीसी? मी म्हणालो, बॅटरी चार्ज होते त्या अर्थी कुठेतरी डीसी करावंच लागणार, पण ते केबलच्या आधी की इव्हाच्या पोटात? तो म्हणतो पोटात, मी म्हणतो आधी, नाहीतर एवढा कन्व्हर्टर ती पाठीवर घेऊन पळणार कशी. यावर मालिकेत कुठे काही आलेलं असेल तर भाग क्रमांकासकट सांगा. आमचं अडलंय.